काच-धुलाई, प्रोप्रायटर सौ. राहीबाई

साताऱ्यात काचा धुण्याचा पहिला धंदा मी काढला. पहिला, आणि माझ्या माहितीप्रमाणे पुढची वीस वर्षं शेवटचा. हे मी अभिमानानं सांगतो असं आमच्या मंडळींचं म्हणणं आहे. मी नुसतं सांगतो. त्या धंद्याचा पत्र्याचा फलक अजून आमच्या न्हाणीघरात आहे. निखारे फरशीवर पडू नयेत म्हणून तो बंबाखाली घातलेला आहे. अलीकडे गुडघे धरतात म्हणून मी सकाळी बंबापुढे पाटावर जरा जास्तच वेळ बसून राहतो. राखेतून 'काच-धुलाई' एवढी अक्षरं दिसतात, आणि मग आंघोळीचं पाणी निवून जातं.

मूळ दोष लढाईचा. पासष्ट साली भाद्रपदात लढाई सुरू झाली आणि मी आमच्या गल्लीचा वॉर्डन झालो. एरवी मी कचेरीत आवक-जावक बघणारा कारकून. तिथं माझ्या शब्दावर टाचणीसुद्धा हलत नसे. आता एकदम दंडाला पट्टी, गळ्यात शिट्टी आणि समोर अंधार करायला सबंध गल्ली. पोवई नाक्यापलीकडची आमची गल्ली नवी होती. एकाच कंत्राटदारानं बांधलेली दहा घरं, आणि प्रत्येकाला रस्त्याकडे दोन झडपांची काचेची खिडकी. त्या खिडक्यांचा आम्हाला फार गर्व होता. पण कोयनेची वीज आपल्या जिल्ह्यात, तेव्हा शत्रूचं विमान आधी आपल्याच डोक्यावरून जाणार, असं धोंडिरामनं गल्लीला पटवून दिलं होतं. धोंडिराम आमचे शेजारी. ते सायकली भाड्यानं देत आणि सल्ले फुकट देत.

काचांना काळा कागद चिकटवा असा हुकूम होता. कागद दोन दिवसांत बाजारातून संपला. तेव्हा मी माझी अक्कल चालवली. कंदिलाची काजळी जवसाच्या तेलात खलली आणि स्वतःच्या हातानं दहाच्या दहा खिडक्या रंगवल्या. पहिली खिडकी मुक्ताबाईंची. मुक्ताबाईंना नवरा नव्हता. एकुलता एक मुलगा सिद्धू, तोही फौजेत, आणि त्या घटकेला सरहद्दीवर कुठं होता ते सरकारलाच ठाऊक. मी रंग लावत असताना त्या शेजारी वाटी धरून उभ्या होत्या. "चांगलं दाट लावा भाऊसाब," म्हणाल्या, "तिकडं माज्या सिद्धूवर उजेड पडाया नको." मी दोन हात जास्त मारले.

लढाई बावीस दिवसांत थांबली. माझा रंग थांबला नाही. जवसाचं तेल वाळलं की दगड होतं, हे मला कुणी सांगितलं नव्हतं. दसरा आला तरी गल्ली भरदुपारी दिवे लावून बसायची. ज्या लोकांनी महिन्याभरापूर्वी माझ्या शिट्टीसरशी दिवे घालवले, ते आता मला रस्त्यात अडवून विचारू लागले, "काय वॉर्डनसाहेब, दिवाळीला तरी दिसणार का घरातलं तोंड?" धोंडिरामची बायको बनाबाई तर माझ्या कानावर पडेल अशा बेतानं म्हणाली, "दुश्मनाला न्हाई जमलं ते ह्येनी केलं." माणसाचा अपमान व्हावा, पण त्याला काही मर्यादा.

माझी बाजू एकट्या हंबीररावांनी घेतली. हंबीरराव गल्लीच्या तोंडाला राहत. निवृत्त हवालदार. मिशी अजून नोकरीत होती. ते म्हणाले, "भाऊसाब, चूक झाली तर मानूस माफी मागतो. पर लय मोठी चूक झाली तर बंदोबस्त कराया लागतो." म्हणून आम्ही बंदोबस्त म्हणून धंदा काढायचं ठरवलं. सबंध सातारा तेव्हा खिडक्या काळ्या करून बसला होता. शाळा, दवाखाने, सगळीकडे काचा आणि काचांवर कागद नाहीतर रंग. आपली गल्ली आधी धुवायची, मग बाहेरची कामं घ्यायची, मग सांगलीला शाखा. शाखेचा विचार माझा. तो पहिल्याच बैठकीत मंजूर झाला.

सांगली सुचायचं कारण म्हणजे माझे साडू मानसिंग. मिरजेकडे त्यांचा पानमळा होता आणि वेलांवर औषध मारायचा एक जुना पंप त्यांच्याकडे पडून होता. पितळी पंप बादलीत उभा करायचा, एकानं पायानं दट्ट्या हाणायचा आणि दुसऱ्यानं रबरी नळी धरून फवारा मारायचा. मी एका रविवारी तो घेऊन आलो. एस्टीच्या कंडक्टरनं त्याचं तिकीट मागितलं. मी म्हणालो, हे सामान आहे. तो म्हणाला, सामान टपावर. टपावर नळी वाऱ्यानं सुटली आणि कराडपर्यंत मागच्या खिडकीतल्या एका म्हातारीला सटासट मारत राहिली. कराडला म्हातारीनं माझा शोध घेतला. त्याबद्दल मी जास्त सांगणार नाही.

पंप आला, पण मी पडलो सरकारी नोकर. मला धंदा करायची बंदी. म्हणून धंदा मंडळींच्या नावावर घेतला. राहीनं अर्जावर सही करताना विचारलं, "म्हणजे मालकीण मी ना?" मी म्हणालो, "कागदोपत्री." ती म्हणाली, "तुमच्या कचेरीत कागदाबाहेरचं काही असतं का?" मी टीपकागद पुढं केला.

परवाना देणारे कारकून माझ्याच जातीचे, म्हणजे कारकुनाच्या. त्यांनी धंद्यांची छापील यादी तीनदा वरून खाली वाचली. "परीट हाय, रंगारी हाय, भिस्ती हाय. काच धुणारा न्हाई. कशात घालू?" मी म्हटलं, नवं सदर उघडा. ते माझ्याकडे असे बघत राहिले की मला माझीच लाज वाटली. नवं सदर मीही कधी कुणाला उघडून दिलं नसतं. शेवटी त्यांनी विचारलं, "पाणी उडतंय का?" म्हटलं, उडतं. "मग उपद्रवी धंद्यात घालतो." चुन्याच्या भट्ट्या आणि कातडी कमावणं ह्यांच्याखाली 'काच-धुलाई, प्रोप्रायटर सौ. राहीबाई' असं नाव लागलं. तेव्हा मला वाईट वाटलं होतं. पुढच्या आठवड्यात त्या गृहस्थाच्या दूरदृष्टीचं मला नवल वाटलं.

पहिलं काम धोंडिरामकडे. दिवाळीला आठ दिवस होते. त्यांच्या भिंतीला आदल्याच दिवशी पांढरी सफेदी झाली होती. गल्ली बघायला जमली. राहीनं पंपाला हळदीकुंकू वाहिलं. हंबीररावांनी दट्ट्यावर पाय ठेवला आणि मी नळी धरली. पहिले दहा हिसके नुसती हवा आली. धोंडिराम म्हणाले, "तोटी तुंबलीय. पिळा." मी पिळली. पुढून कुणीतरी म्हणालं, उलटी पिळा. मी उलटी पिळली. कुणीतरी म्हणालं, तोंडानं ओढा. हे मात्र मी ऐकलं नाही, आणि तेवढ्यावरच मी आज जिवंत असेन. कारण पुढच्या हिसक्याला जे बाहेर आलं ते पाणी नव्हतं. पानवेलीवर मारतात ते मोरचुदाचं निळं औषध पंपाच्या पोटात वर्षभर बसून होतं. ते सगळं एका फवाऱ्यात धोंडिरामच्या पांढऱ्या भिंतीवर आलं.

मी घाबरून नळी फिरवली. ती फिरली ती नेमकी वरच्या झरोक्याकडे. आतून बनाबाईची किंकाळी आली. झरोक्याखाली फळीवर चकलीची भाजणी निवत ठेवली होती.

बनाबाई परात घेऊनच बाहेर आली. निळी भाजणी मी त्याआधी पाहिली नव्हती आणि नंतरही पाहिली नाही. ती परात माझ्यापुढे धरून उभी राहिली. राही घरात गेली, आमचा डबा घेऊन आली, तिची परात धुऊन त्यात सगळी भाजणी ओतली आणि आमच्या घरी त्या वर्षी चकली झाली नाही. खिडकीचं म्हणाल, तर काळा रंग होता तिथंच होता. धुऊन आणखी चकचकीत झाला होता.

त्यानंतर सल्ले सुरू झाले. ताकानं घासा. चिंचेनं घासा. राखेनं, रॉकेलनं, कांद्याच्या फोडीनं. फलटणच्या एका पाहुण्यानं उसाची मळी सुचवली. मी रोज संध्याकाळी कचेरीतून येऊन आमच्या स्वतःच्या खिडकीवर एकेक प्रयोग करत असे. मळीनं मुंग्या आल्या. चिंचेनं बिजागऱ्या चकाकल्या. रस्त्यानं जाणारी पोरं मला 'निळं काका' म्हणू लागली. कचेरीतही ते नाव पोचलं. आवक-जावकच्या टेबलावर एके दिवशी निळीची पुडी आवक झाली. मी ती जावक केली, पण मन खट्टू झालं.

दिवाळी तशीच काळ्या खिडक्यांनी गेली. आणि ह्याच सुमारास मुक्ताबाईंना सिद्धूची पत्रं येईनाशी झाली. दिवाळीआधी एक आलं होतं. मग काही नाही. पोस्टमन आमच्या गल्लीत वळला की त्या दारात येऊन उभ्या राहत, आणि तो पुढं गेला की "असंल कामात" असं स्वतःशीच बोलून आत जात. आम्ही पुरुषमाणसं अशा वेळी दुसरीकडे बघतो. दुसरीकडे बघायला आम्हाला पंप होता.

शेवटी युक्ती सापडली ती हंबीररावांना. "हट्टी रंगरूट मारून सरळ हुत न्हाई, भिजवून ठेवून हुतो," ते म्हणाले. धुण्याच्या सोड्याचं कढत पाणी करायचं, त्यात गोणपाट बुडवायचं, ते काचेवर चार तास चिकटवून ठेवायचं आणि मग फवारा. आमच्या खिडकीचा एक तुकडा आम्ही तसा धुतला. काच निघाली! पलीकडचं चिंचेचं झाड दिसलं. मला वाटतं आम्ही एकमेकांना मिठीसुद्धा मारली.

आता पहिलं मानाचं काम कुणाचं करायचं? इथं आमच्या दोघांच्या डोक्यात एकच विचार आला, आणि तो विचार चांगला होता म्हणूनच मला आजही त्याचा राग येतो. हंबीरराव म्हणाले, "जवानाची आई हाय. पयली तिची." मुक्ताबाई त्याच शनिवारी पाटणला भावाकडे गेल्या होत्या. तिथं सिद्धूच्या पलटणीतला एक शिपाई रजेवर आला होता. त्याला मुलाचं विचारायला त्या गेल्या होत्या आणि रविवारी संध्याकाळच्या एस्टीनं परत यायच्या होत्या. आल्यावर खिडकी लख्ख बघून बाईचं मन जरा हलकं होईल, असा आमचा हिशेब. धंद्याच्या मालकीणबाईंची परवानगी घ्यावी, तर त्याही घरी नव्हत्या. राही सांगलीला बहिणीकडे गेली होती, पंपाबद्दल तक्रार घेऊन.

रविवारी सकाळी गोणपाट लावलं. बाराला काढलं आणि फवारा मारला. पाणी स्वच्छ, हात स्थिर, भिंतीवर शिंतोडा नाही. अशी खिडकी धुतली की काच आहे का नाही ते बोट लावून बघावं. धोंडिरामनंसुद्धा सल्ला दिला नाही.

तीन वाजता राही आली. हातातली पिशवी तिनं रस्त्यातच ठेवली. "काय केलंत हे?" तिनं विचारलं. मी खिडकीकडे बोट दाखवून हसलो. "अहो, नवस होता तो!" ती म्हणाली. "सिद्धू दारात येईल तेव्हाच ही काच पुसायची असं बोलल्या होत्या त्या. बनाला माहीत आहे, मला माहीत आहे, गल्लीतल्या एकूण एक बाईला माहीत आहे. मालकिणीला विचारायची पद्धत नाही का तुमच्या धंद्यात?"

ती लख्ख काच मला बघवेना. हंबीरराव मिशीवर हात ठेवून उभे होते. ज्या माणसानं तोफा ऐकल्या होत्या तो पुटपुटला, "आरं देवा, पाटनातनं कसली खबर घिऊन येत्यात न् हितं हे..."

पाटणची एस्टी साडेसहाला. मी घरात गेलो, खुंटीवरची शिट्टी काढली आणि रस्त्यात उभं राहून फुंकली. लढाई संपल्यापासून पहिल्यांदाच. दहाही दारं उघडली. मी सांगितलं, "काजळी पाहिजे. आहे तेवढी." कुणी हसलं नाही. कंदिलांच्या काचा आल्या, चिमण्या आल्या, तव्यांच्या बुडाच्या खरवडी आल्या. बनाबाईनं सबंध चुलीचं धुराडं झाडून आणलं. तिचं तोंड काळं झालं होतं आणि ती मला म्हणत होती, "बगत काय ऱ्हायलाय निळं काका, तेल ओता की!" धोंडिराम सायकलवर टांग मारून जवसाचं तेल घेऊन आले. मी रंगवत होतो, राही कंदील धरून होती, आणि हंबीरराव गल्लीच्या तोंडाला पहाऱ्यावर. घाईत मी काच, चौकट, बिजागरी, दोन झडपांमधली फट, सगळं एकसारखं माखून काढलं. शेवटचा हात मारला आणि हंबीररावांची शीळ आली.

मुक्ताबाई आल्या तेव्हा गल्लीतली झाडून सगळी माणसं उगीचच बाहेर उभी होती, हात पाठीमागे घेऊन. पण बाईंचं लक्ष नव्हतं. त्यांचा चेहरा उजळला होता. "हाय, बरा हाय!" त्या लांबूनच म्हणाल्या. "सुरुंग काढताना उजव्या हाताला लागलंय. दवाखान्यात हाय. लिवता येत न्हाई, आन् दुसऱ्याच्या हातचं पत्र बगून आई भ्याल म्हनून धाडत न्हाई. याडं हाय माजं लेकरू." आणि पदर डोळ्याला लावून तिथंच रस्त्यात बसल्या. राही त्यांच्याजवळ बसली.

मग त्या कुलूप काढून आत गेल्या. मिनिटभरानं आतून हाक आली. "भाऊसाब!"

मी आत गेलो. त्या खिडकीपाशी उभ्या होत्या, काचेवर बोट फिरवत. "हितं भोक व्हतं," त्या म्हणाल्या. "आकड्यानं कोरल्यालं. बारकं, ज्वारीच्या दान्याएवडं. त्यातनं मी वाट बगत व्हते. कुटं गेलं?"

आम्ही रोज त्या खिडकीपुढून येत-जात होतो आणि रंगातलं ते भोक कुणाला दिसलं नव्हतं. मी खरं ते सांगून टाकलं. नवस मोडल्याचं, गल्लीची काजळी, सगळं. बाई ऐकत राहिल्या. मग त्यांनी माझे काळे हात बघितले, दारात उभ्या असलेल्या बनाबाईचं काळं तोंड बघितलं आणि एकदम फिस्सकन हसल्या. "तुमी पुसली. मी कुटं पुसली? नवस माजा हाय," त्या म्हणाल्या. आणि अंबाड्यातला आकडा काढत बाहेर जाऊन ओल्या रंगात नवं भोक पाडलं.

पुढचे तीन महिने आम्ही बाहेरचं एकही काम घेतलं नाही. कुणी दिलंही नाही, पण तो मुद्दा वेगळा. गल्लीतल्या बाकीच्या खिडक्या गोणपाट लावून एकेक करून धुतल्या, आणि संक्रांतीपासून पंप साफ करून, नवी नळी लावून, रोज ताजी बादली भरून आम्ही मुक्ताबाईंच्या खिडकीची वाट बघत बसलो. सिद्धू येणार, बाई हाक मारणार, आणि सबंध गल्लीसमोर आमचा धंदा ती काच उघडी करणार. हंबीररावांनी त्या दिवसासाठी कोट इस्त्री करून ठेवला होता. मी मनात दोन शब्द जुळवून ठेवले होते.

होळीच्या आधी चार दिवस, भरदुपारी, तो आला. मी रविवार म्हणून घरी होतो. गल्लीच्या तोंडाशी खाकी कपडा दिसला आणि गळ्यात अडकवलेला हात. हंबीरराव कोट घालायला आत पळाले, मी बादलीकडे पळालो. आणि तेवढ्यात मुक्ताबाईंच्या खिडकीत आतून धडधड सुरू झाली. त्यांना भोकातून तो दिसला होता. पण तीन महिने न उघडलेली खिडकी उघडेना. चौकट, फट, बिजागरी मीच माखलेली, आणि जवसाचं तेल वाळलं की दगड होतं.

"सिद्धू!" आतून आवाज आला. "आरं सिद्धू!" आणि मग खाडकन आवाज झाला. काळ्या काचेतून खलबत्त्यातला बत्ता बाहेर आला, त्याच्यामागे बांगड्यांचा हात आणि मग मुक्ताबाईंचं तोंड.

काचा रस्त्यावर पडल्या. आमच्या धंद्याचं सगळ्यात मोठं काम एका फटक्यात उरकलं. हंबीरराव कोटाची एकच बाही घालून दारात उभे होते आणि मी नळी धरून. राही माझ्या कानाशी म्हणाली, "आता काय धुणार?"

मुक्ताबाई दारात आल्या. एका हातात भाकरीचा तुकडा. सिद्धू पायरीशी थांबला, कारण लांबून आलेल्या माणसाच्या पायावर पाणी घालून, तुकडा ओवाळून टाकल्याशिवाय आमच्याकडे कुणाला आत घेत नाहीत. बाईंनी मागं बघितलं. नळाचं पाणी सकाळीच गेलेलं, घागर रिकामी. "पानी!" त्या ओरडल्या. "भाऊसाब, बगत काय ऱ्हायलाय, पानी आना!"

हंबीररावांनी दट्ट्यावर पाय ठेवला. तोटी सिद्धूच्या पायांकडे धरताना मी त्याला जरा मागं सरकायला लावलं, कारण त्या पंपाचा मला कधीच भरवसा नव्हता. पण पाणी आलं, बारीक आणि संथ. बुटांवरची धूळ वाहून गेली, मग त्यानं बूट काढले, मग पावलं धुतली. तो खाली बघून हसत होता आणि रडतही होता. मुक्ताबाईंनी तुकडा ओवाळून टाकला. मी जुळवलेले दोन शब्द मला आठवले नाहीत.

त्यानंतर आम्ही फलक उतरवला. पंप मानसिंगांना परत केला. ह्या खेपेला त्याचं मुकाट्यानं तिकीट काढलं आणि तो मांडीवर घेऊन बसलो. परवाना मात्र कुणी रद्द केला नाही, त्यामुळे राही अजून मालकीण आहे. ती म्हणते धंदा बुडाला. मी रोज सकाळी बंबापुढं बसून त्या पत्र्याकडे बघतो आणि मला एवढंच आठवतं की त्या दिवशी पाणी निळं आलं नव्हतं.